कॅटलॉगातली निळी मेंढी

"आवं ताई, आमच्या कळपात निळी मेंढी कवा बघितली तुमी?"

बिरूअण्णांनी मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. शेजारी त्यांची सून रेश्मा एक मोठा गठ्ठा धरून उभी होती. त्यात बारा घोंगड्या होत्या. पुण्याच्या दुकानदार बाईंनी त्या परत पाठवल्या होत्या.

अण्णा कवठे महांकाळकडचे. मेंढ्या त्यांच्या, विणकर गावातलेच. लोकरीला ते रंग देत नाहीत. मेंढीचा रंग तोच घोंगडीचा. रेश्मा व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी घेते, आणि त्यासाठी सोळा पानांचा कॅटलॉग मी करून दिला होता. सांगलीत गेली बावीस वर्षं मी पानं लावते. फोटो आणि मजकूर कॉम्प्युटरवर मांडायचा, मग त्याची पीडीएफ करून द्यायची, हे माझं काम.

"त्यांनी काळी मागवली होती," रेश्मा म्हणाली. "आम्ही कॅटलॉगातल्या नंबराप्रमाणेच पाठवली. त्या म्हणतात, ही तर तपकिरी आहे. सोमवारपर्यंत खरे रंग दाखवा, नाहीतर आपलं राहू दे."

मी मोबाइलवर पाहिलं. तपकिरी घोंगडी खरंच काळी दिसत होती. आणि करडी घोंगडी होती हिरवट-निळी.

मी माझ्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडली. तिथे तपकिरी ती तपकिरी, करडी ती करडी. मला फार बरं वाटलं.

"बघा अण्णा, फाइल बरोबर आहे. तुमचा मोबाइल चुकतोय."

"व्हय? मग तुमच्या मोबाइलवर दावा की."

मी पीडीएफ माझ्या मोबाइलवर घेतली. मेंढी निळीच. खालच्या मजल्यावरच्या झेरॉक्सवाल्या काकूंचा मोबाइल मागून आणला. तिथेही निळीच.

"सगळ्या सांगलीचं मोबाइल बिघडल्यात वाटतं," अण्णा शांतपणे म्हणाले. रेश्मा खिडकीबाहेर बघायला लागली. ती हसत होती हे मला दिसत होतं.

मग मी एक्स्पोर्टची, म्हणजे पीडीएफ बनवायची, सेटिंग उघडली. बावीस वर्षांत मी एक प्रीसेट बनवून ठेवला आहे, म्हणजे सगळी सेटिंग एका बटणात. तो प्रेससाठी आहे. छपाईत चार शाया असतात: निळसर, गुलाबीसर, पिवळी आणि काळी. त्याला सीएमवायके म्हणतात. मोबाइलच्या पडद्याला शाई माहीत नाही, तो लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडातून रंग करतो. ते आरजीबी. अण्णांचा कॅटलॉग कधीच छापला जाणार नव्हता. तो फक्त मोबाइलवर फिरणार होता. तरी मी सवयीनं प्रेसचंच बटण दाबलं होतं.

त्यात आणखी एक भर. फाइलमध्ये रंगांचे नुसते आकडे असतात. ते कसे वाचायचे याची एक चिठ्ठी सोबत जोडावी लागते, तिला प्रोफाइल म्हणतात. आमच्या प्रेसवाल्याला ती नको असते, म्हणून माझ्या प्रीसेटमध्ये ती बंद होती. माझ्या कॉम्प्युटरला माझी सवय ठाऊक, त्यानं चिठ्ठीशिवायही बरोबर वाचलं. मोबाइलनं अंदाज केला. करड्या रंगाच्या शाईत निळसर थोडी जास्त घालतात, म्हणून मेंढी निळी झाली. गडद तपकिरी आणखी गडद होऊन काळी झाली.

हे मी अण्णांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी चूक मोबाइलची न्हाई."

"नाही."

"बरं," एवढंच म्हणाले. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

मी मूळ फाइल घेऊन नव्यानं एक्स्पोर्ट केलं. रंग आरजीबी, प्रोफाइल जोडलेली. रेश्माच्या मोबाइलवर पाठवलं. तिच्या पडद्यावर डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून असतो तो पिवळा फिल्टर चालू होता, तो बंद करायला लावला. मग गठ्ठा सोडला, एक घोंगडी खिडकीच्या उजेडात पसरली आणि मोबाइल तिच्यावर ठेवला. रंग जुळला. करडीही करडी झाली.

मी चहा सांगणार होते, तेवढ्यात अण्णांनी चौथ्या पानावर बोट ठेवलं. काळी घोंगडी.

"हे बी आमचं न्हाई."

"अहो अण्णा, काळी आहे ना ती?"

"लय काळी हाय. मेंढरू दिसभर उन्हात हिंडतंय. लोकर टोकाला तांबूस हुतीया. असलं डांबरावानी काळं आमच्याकडं न्हाई."

त्या फोटोतला काळा रंग मीच गडद केला होता. उठावदार दिसावा म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं. मी मूळ फोटो उघडला. काळ्यात बारीक तांबूस झाक होती. अण्णा रोज जे बघत होते ते मी पुसून टाकलं होतं.

"आता?" मूळ फोटो लावून मी विचारलं.

त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग रेश्माकडे दिला. "हां. आता वळखू येतंय."

शनिवारी रेश्मानं नवी पीडीएफ पुण्याला पाठवली. पानांचे फोटो काढून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून बारीक करतं. सोमवारी तिचा फोन आला.

"मॅडम, त्यांनी सहा काळ्या मागवल्यात. आणि म्हणाल्या, हा कॉफी कलर नवीन आलाय का? फार छान आहे, डझनभर पाठवा."

"म्हणजे परत आल्या त्याच?"

"त्याच. मामंजी म्हणाले, नवीन म्हणून सांग, कॅटलॉगात तरी नवीनच हाय."

मी प्रीसेटचं नाव बदलून 'फक्त प्रेससाठी' असं केलं आणि मोबाइलसाठी दुसरा बनवला. गिऱ्हाईक आलं की पूर्वी मी पहिल्यांदा किती पानं ते विचारायची. आता विचारते, हे बघणार कशावर? पुष्कळांना हा प्रश्न विचित्र वाटतो. उत्तर मिळेपर्यंत मी एक्स्पोर्टच्या बटणाला हात लावत नाही.