चष्मा नवा घ्यावा की जुना

माझ्या दादाला बाजारात नवी वस्तू आली की चैन पडत नाही. भिवंडीजवळ पूर्ण्याला आमच्या वडिलांची भातशेती होती, तिथे आता गोदामं उभी आहेत, भाडं घरबसल्या येतं आणि दादाला दिवसभर वेळच वेळ असतो. मागे त्याने तो डोळ्यांवर बांधायचा महागडा चष्मा आणला. घातला की समोरची खोलीही दिसते आणि खोलीत हवेत लटकलेला भिंतीएवढा पडदाही दिसतो. दादा त्यात क्रिकेट बघायचा. मग त्याच चष्म्याची सुधारलेली आवृत्ती आली आणि साहेबांनी तीही घेतली. का, तर म्हणे आतली चिप नवी आहे.

एके दिवशी दोन्ही खोकी घेऊन तो माझ्याकडे हजर. म्हणाला, वापरून बघ, तुझ्या कामाला कुठला बरा ते सांग, तो तुला देतो. फुकट देणार नाही हे त्याने पाणी पिण्याआधीच सांगून टाकलं. भाऊ म्हणून चांगला आहे हो, पण शेवटी गोदामवाला.

मी त्याला हाकलून दिलं असतं, पण मला खरंच उत्सुकता होती. माझं काम डोळ्यांचंच. भिवंडीत पडद्यांचं, सोफ्याचं कापड विणतात ना, त्यावरची फुलं-पानं लूमवर चढायच्या आधी कुणाला तरी कॉम्प्युटरवर बारीक बारीक चौकटींत रंग भरून तयार करावी लागतात. ती मी करते. लॅपटॉपच्या एवढ्याशा पडद्यावर वाकून वाकून माझी मान पार धरलेली असते.

पण मान हे निमित्त झालं. खरं दुखणं वेगळंच होतं. आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत सासरे आणि टीव्ही, आतल्या खोलीत सासूबाई, त्यांचा ओटा आणि ओट्याला टेकून माझं टेबल. नवऱ्याची गोदामात शिफ्ट, त्यामुळे घरात दिवसभर आम्ही तिघंच. लॅपटॉपसमोर बसलेली बाई म्हणजे रिकामी बसलेली बाई, असं आमच्याकडे कुणी तोंडाने म्हणत नाही, पण वागणं तेच. सासऱ्यांना पाणी हवं असतं, सासूबाईंना वरचा डबा काढून हवा असतो, शेजारणीला विरजण हवं असतं. एक गुलाब पुरा होईपर्यंत मी चारदा उठलेली असते. मग चौकटी चुकतात, लूमवाल्या शेठचा फोन येतो, आणि माझं डोकं फिरतं. नवऱ्याला म्हटलं होतं, मला कामाला बसायला एक कोपरा दे, दार असलेला. तो खोलीकडे बघून हसला. दार लावायचं तरी कुठे, हा त्याचा प्रश्नही बरोबरच होता. मला मात्र त्या हसण्याचा राग आला होता आणि तो अजून गेलेला नव्हता.

तेव्हा चष्म्यात एवढी मोठी भिंत मिळते म्हटल्यावर मी म्हटलं, बघू तरी.

आधी जुना घातला. बाई गं! माझा गुलाब फ्रिजएवढा झाला. ज्या चौकटी मी डोळे बारीक करून मोजायची, त्या आता लादीएवढ्या दिसत होत्या. ओटा, कुकर, खिडकी सगळं आपापल्या जागी, आणि मधोमध माझं फूल. हात पुढे करून मी ते धरायलाच गेले. थोड्या वेळाने मात्र गालफडं दुखायला लागली, सगळं वजन तोंडावर येत होतं. मग नवा घातला. त्याचा पट्टा डोक्यावरूनही जातो आणि मागूनही, त्यामुळे गालांना आराम. अक्षरं जास्त रेखीव, पडदा झटकन उघडतो. उचलून बघितला तर वजनाला मात्र नवाच अंमळ जड. एवढ्या पैशांत आमच्या घरात दोन स्कूटर आल्या असत्या. तेवढं मोजून माणसाने जड वस्तू घ्यायची, ही सुधारणा काही माझ्या डोक्यात शिरेना. मी दोन्ही आलटून पालटून घालत राहिले. मला मजाच यायला लागली होती.

एक गोची झाली. या चष्म्याला बटण नाही. ज्याच्याकडे बघाल ते निवडलं जातं, आणि अंगठा नि बोट एकमेकांना टेकवलं की ते दाबलं जातं. आता भिवंडीच्या माणसाला हे यंत्र देणं म्हणजे कप्पाळ! आमच्याकडे कापड दिसलं की बोटं आपोआप त्यावर जातात. लग्नात दोन बायका भेटल्या तर ख्यालीखुशाली नंतर, आधी एकमेकींचा पदर चिमटीत धरून चोळतात, सूत कसलं आहे ते बघायला. शेठने पाठवलेला नमुन्याचा तुकडा माझ्या मांडीवर असायचा आणि विचार करताना माझी बोटं तो चोळत असायची. चष्म्याला वाटायचं मी हुकूम सोडतेय. फाइल बंद व्हायची, भलतीच खिडकी उघडायची, एकदा तर दादाची क्रिकेटची मॅच माझ्या गुलाबावर येऊन बसली. मी तुकडा लांब ठेवला, तरी बोटं हवेतच चिमटे घेत राहिली. सासूबाई पोळ्या लाटता लाटता ते बघत होत्या, पण काही बोलल्या नाहीत.

आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की त्या काही बोलल्याच नव्हत्या. वरचा डबा त्यांनी स्टुलावर चढून स्वतः काढला होता. सासरे दारात आले, माझ्या तोंडावरचं ते प्रकरण बघून थबकले आणि पाणी स्वतः ओतून घेऊन गेले. शेजारीण आली ती दारातूनच कुजबुजून परत गेली. मला चष्म्यातून हे सगळं स्वच्छ दिसत होतं. त्यांना मात्र वाटत होतं, ही इथे नाहीच. त्या दिवशी पुरा गुलाब झाला, पानांसकट, आणि मी एकदाही उठले नव्हते. मला इतका आनंद झाला की चष्म्याच्या आत डोळे भरून आले, आणि ते पुसताही येईनात.

दादाने फोन करून विचारलं, फरक कळला का? चिपचा? मी म्हटलं, अजून बघतेय. खोटं नव्हतं. जुना घालून बघितला, नवा घालून बघितला. दोन्हींत मला कुणी हाक मारली नाही.

मग शुक्रवार आला. लूम बंद, गल्ली गप्प, दर शुक्रवारसारखी दुरुस्तीसाठी सकाळीच लाईट गेलेली. मी नवा चष्मा घालून बसले होते. चार्जिंग तसंही कमीच होतं. बघता बघता गुलाब फिका झाला आणि सगळं काळं झालं. खोलीही कॅमेऱ्यातूनच दिसायची, तीही गेली. आता काढायचा, उठायचं, डाळ लावायची. हात पट्ट्याकडे गेलाही. पण मी तो खाली घेतला आणि तशीच बसून राहिले. काळोखात काही म्हणजे काही नव्हतं. बाहेर सासऱ्यांचा खोकला ऐकू येत होता, ओट्यावर भांडी वाजत होती, आणि यांतलं काहीही माझ्यासाठी नव्हतं. किती वेळ बसले कोण जाणे. फार बरं वाटत होतं.

मग गुडघ्यावर हात पडला. सासूबाई होत्या, आवाज अगदी हळू.

"बंद परलाय ना गो तो?"

मी खोटं बोलणार होते, पण जमलं नाही. विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

"तुझी बोटं चिमटं घेयाची थांबली कवाच."

चोरी पकडली गेल्यासारखी मी चष्मा काढला. आता बोलणी बसणार म्हणून तयारीत होते. त्या माझ्यासमोर पदराला हात पुसत उभ्या होत्या. डाळ त्यांनी लावून टाकली होती. त्यांनी चष्मा माझ्या हातातून घेतला, सवयीने त्याचा पट्टा चिमटीत धरून चोळला आणि म्हणाल्या, "मना पन घाल जरा."

मी म्हटलं, अहो आई, आत काही दिसणार नाही.

"ठाव हाय मना."

त्या माझ्या खुर्चीवर बसल्या. अंबाडा सांभाळत मी पट्टा बसवला. खारबावच्या माहेराहून या घरात आल्यापासून त्यांना या खोलीत हात मांडीवर ठेवून बसलेलं कुणी पाहिलं नसेल, मी तर नाहीच. त्यांची पाठ हळूहळू खुर्चीला टेकली. एवढ्यात बाहेरून "अगो" अशी हाक आली. त्या हलल्या नाहीत. सासरे स्वतःच दारात आले आणि बायकोचं ते रूप बघून त्यांनी मला खुणेने विचारलं, काय चाललंय?

"काम चाललंय त्यांचं," मी म्हटलं.

ते पाय न वाजवता परत गेले. थोड्या वेळाने ओट्याशी येऊन चहाचं भांडं शोधायला लागले. मी ते बोटाने दाखवलं, उठले नाही. त्यांनी चहा केला, जरा उतू घालवून का होईना, आणि तीन कप केला.

सासूबाईंनी चष्मा काढला तेव्हा कपाळावर पट्ट्याचा वळ उठला होता. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी दोन्ही खोक्यांकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "बंदच ठेवाचा असंल तं नवा कशाला? जुना घे. सकाली तू घाल, दुपारी मी घालन."

संध्याकाळी दादाचा फोन आला. मी जुना ठेवतेय म्हणून सांगितलं. तो बिचारा प्रामाणिक, म्हणाला, घेतेस तर घे, पण सांगून ठेवतो, त्याची बॅटरी आता फार टिकत नाही.

मी म्हटलं, चालेल.