घरात कुणालाच काही नाही

माझं लग्न नीट जमावं म्हणून माझा भाऊ मेला.

वाचायला कसंतरी वाटतंय ना? मी वर्षभर हेच वाक्य उशाला घेऊन झोपतेय.

आज दादाला जाऊन वर्ष झालं. तिथीने वर्षश्राद्ध मागच्या आठवड्यात झालं, डोंबिवलीला. आज तारखेने.

आणि आज मी नौपाड्यातल्या एका सोनोग्राफी सेंटरच्या बाकड्यावर बसून हे टाईप करतेय. शेजारी आई. पोटात बाटलीभर पाणी. "ब्लॅडर फुल होईपर्यंत बाथरूमला जायचं नाही," असं काउंटरवरच्या मुलीने दम भरल्यासारखं सांगितलंय.

उठता येत नाही आणि पळूनही जाता येत नाही.

बाबा गेले ते मेंदूत रक्तस्राव होऊन. बीपी वाढलेलं. जगाला तेवढंच सांगितलं. मलाही तेवढंच माहीत होतं.

पण हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी आईला आणि दादाला बाजूला घेऊन आणखी एक गोष्ट सांगितली होती. बाबांच्या दोन्ही किडन्या पाण्याच्या गाठींनी भरलेल्या होत्या, द्राक्षाच्या घडासारख्या. हा आजार आईवडिलांकडून मुलांत येऊ शकतो. दोन्ही मुलांची सोनोग्राफी करून घ्या, बीपी तपासत राहा, लवकर कळलं तर किडन्या बरीच वर्षं सांभाळता येतात.

मामा तिथेच उभा होता. तो म्हणाला, "ताई, हे इथंच सोडून जायचं. पोरीचं लग्न व्हायचंय. किडनीचा आजार आहे म्हटल्यावर एक स्थळ येणार नाही दारात."

आईने मान हलवली. दादा म्हणाला, "मनूचं लग्न होऊ दे, मग बघू."

मनू म्हणजे मी.

दादाच्या ठाण्याच्या ऑफिसात दरवर्षी हेल्थ चेकअप असायचं. फुकट. उपाशीपोटी रक्त द्यायचं आणि मग इडली-चहा. दादा इडलीसाठी जायचा. दरवर्षी बीपी जास्त निघायचं आणि दरवर्षी त्याच्याकडे नवीन कारण तयार. घरी आल्यावर साग्रसंगीत ॲक्टिंग करून दाखवायचा.

"डॉक्टर म्हणाले, बीपी हाय आहे. म्हटलं, सर, आत्ता टेंभी नाक्यावर रिक्षावाल्याशी भांडून आलेलो."

"मग?"

"मग काय, पंखा लावून बसवलं, परत घेतलं, तर अजून वाढलेलं! म्हटलं, आता तुमच्याशी भांडतोय ना."

आम्ही हसून हसून लोळायचो. आईसुद्धा हसायची. तिला कसं हसता यायचं ते मला अजून कळलेलं नाही.

डॉक्टर शेवटी विचारायचे, घरात कुणाला किडनीचा त्रास?

दादाचं उत्तर ठरलेलं. "नाही सर. घरात कुणालाच काही नाही."

माझं लग्न झालं. तेव्हा तरी बोलायचं ना?

पण मग "मनूला दिवस गेलेत, आता टेन्शन नको." मग मुक्ता झाली. मग "पोरगी लहान आहे, सासरी कळलं तर मनूला बोलतील." एवढं होऊ दे, तेवढं होऊ दे, करत वर्षं गेली.

मग दादाच्या पायांवर सूज आली. उलट्या थांबेनात. कल्याणला ॲडमिट केलं तेव्हा दोन्ही किडन्या जवळपास संपल्या होत्या.

तिथल्या डॉक्टरांनीही तेच विचारलं. आणि आई, माझ्यासमोर, म्हणाली, "नाही हो. घरात कुणालाच काही नाही."

दादा कॉटवरून म्हणाला, "आई, पुरे आता."

डायलिसिसला पडल्या पडल्या त्याने मला सगळं सांगितलं. "शिव्या घाल मनू, पण नंतर. आधी सोनोग्राफी कर."

मी आधी शिव्याच घातल्या. कुणी सांगितलं होतं तुला माझ्यासाठी त्याग करायला? मला विचारलंस?

"त्यागबिग काही नाही गं," तो म्हणाला. "मी घाबरलेलो. तुझं लग्न हे चांगलं कारण मिळालं."

हे खरं होतं, की मला बरं वाटावं म्हणून म्हणाला? आता विचारू कुणाला?

डोनरचं बोलणं सुरू होतं तेवढ्यात इन्फेक्शन झालं आणि तो गेला.

त्यानंतर आई म्हणाली, "वर्षाच्या आत नको गं काही नवीन. वर्ष होऊ दे." मी तिच्यावर चिडायचे आणि आतून सुटल्यासारखं वाटायचं. कारण माझ्यात निघालं तर मुक्तातही आलंय का, हे कोडं सुरू होणार. नाही तपासलं, तरी ते आहेच.

रागवायचं तरी कुणावर? आईने मुलगा गमावलाय. दादा नाही. मामा म्हणतो, "तेव्हा सगळे असंच करायचे." आजही करतात. तुमच्यातलेही करत असतील. करू नका रे. घरात कोण कशाने गेलं ते मुलांना सांगा, आणि चेकअपला गेलात तर इडली खा, पण खरं बोला.

हे लिहितेय तोवर काउंटरवरची मुलगी आली. "ताई, फॅमिली हिस्ट्री काही? घरात कुणाला किडनीचा त्रास?"

मी तोंड उघडलं, त्याआधी आई उठून उभी राहिली.

"आहे," म्हणाली. इतक्या मोठ्याने की सगळं बाकडं वळून बघायला लागलं. "हिच्या वडलांना होता. माझ्या मुलाला होता, त्यानेच गेला तो. हिला नीट बघा."

मग खाली बसली आणि माझा हात धरला. अजून सोडलेला नाही, एका हाताने टाईप करतेय.

माझं नाव पुकारलंय. जाते आत.

दादा, आईने सांगितलं रे. तू हवा होतास ऐकायला.