एकच डिस्क, दोन प्लेअर

आमचे बाबा कुलुपं दुरुस्त करतात. भलंभलं कुलूप किती सहज उघडतं हे रोज पाहून त्यांचा माणसांवरचा विश्वास कधीच उडालाय. बाजारात त्यांना 'शंकासुर' म्हणतात, आणि ते काही उगीच नाही. फुकट मिळालेल्या कॅलेंडरातल्या तारखासुद्धा ते तपासून घेतात.

आई गेल्यापासून ते संध्याकाळी माझ्या लग्नाची डिस्क लावून बसायचे. घरात तिचे फोटो होते, पण हलती-बोलती आई फक्त त्या डिस्कमध्ये होती. घरचा प्लेअर म्हातारा झाला आणि तिच्या चेहऱ्याचे नुसते चौकोन दिसायला लागले, तेव्हा बाबा आपणहून म्हणाले, "चल, नवा घेऊ. तिचा चेहरा नीट दिसला पाहिजे."

दुकानात दोन टीव्हींवर दोन प्लेअर लावून ठेवले होते. स्वस्तातला जरा धुरकट, महागातला लख्ख. दोन्हींवर फुलं उमलत होती. बाबांच्या मनात लगेच पाल चुकचुकली.

"टीव्ही वेगळे, वायरी वेगळ्या. मग मी बघायचं काय, प्लेअर की तुमची करामत?"

"काका, इतका संशय बरा नव्हे," दुकानदार हसला.

"फुलं काय, कुठेही छानच दिसतात. ओळखीचं माणूस लावा." बाबांनी पिशवीतून आमची डिस्क काढली. टीव्ही एकच, वायर एकच, आणि रिमोट बाबांच्या हातात. न जाणो, दुकानदाराने गुपचूप रंग वाढवले तर! मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आधी स्वस्तातला. आई माझ्या खुर्चीमागे उभी होती, हसत होती. बरं दिसलं. मग महागातला. तीच जागा आली आणि बाबांनी चित्र थांबवलं.

चेहरा अगदी स्वच्छ दिसत होता. हसू होतं ते फक्त ओठांवर. कपाळ घामाने डबडबलेलं. एका हाताने तिने माझ्या खुर्चीची पाठ आवळून धरली होती, दुसरा बरगडीखाली दाबलेला. त्यानंतर काही महिन्यांतच ती गेली. दुखणं बरंच जुनं असणार, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि आम्ही ते मानायलाच तयार नव्हतो. तिने ताकास तूर लागू दिली नव्हती.

"या मशीनमध्ये काहीतरी गडबड आहे," बाबा म्हणाले. "परत तो पहिला लावा."

दुकानदाराने डिस्क पहिल्या प्लेअरमध्ये घातली आणि वायरही त्यालाच जोडली. धुरकट चित्रातही तो हात तिथेच होता. एकदा दिसल्यावर आता तो न दिसणं शक्यच नव्हतं. बाबांनी डिस्क पुसली, वायर काढून पुन्हा खोचली. दुकानदाराची काहीतरी लबाडी सापडावी म्हणून त्यांची धडपड चालली होती. मला त्यांची इतकी दया आली, की मी त्यांच्या हातातून रिमोट काढून घेतला.

"मी विचारलं होतं तिला त्या दिवशी," ते म्हणाले. "चेहरा का उतरलाय म्हणून. म्हणाली, 'दमलेय जरा.'"

"मग?"

"मग काय? मला पटलं."