टीव्हीवर ताणलेला धागा

आमच्या ह्यांना अजून लोक 'सर' म्हणतात. त्यात शाळेचा वाटा थोडा, झेंड्याचा जास्त. शाळेत पी.टी. शिकवून हे निवृत्त झाले, पण भिवंडीत किंवा खारबावच्या बाजूला कुठेही फुटबॉलची स्पर्धा असली की लाइन्समन म्हणून ह्यांनाच बोलावणं यायचं. मैदानाच्या कडेने पळत राहायचं आणि कुणी ऑफसाइड असला की झेंडा वर करायचा, एवढंच ते काम. पास निघाला त्या क्षणी, गोलकीपर सोडून शेवटचा बचाववाला जिथे असेल त्याच्या पुढे हल्ला करणारा नको. असला तर गोल झाला तरी रद्द. हा नियम मला लग्नानंतर पोळ्या लाटताना शिकवला गेला; पोळपाट मैदान आणि कणकेचे गोळे खेळाडू. तेव्हा मी काही चुकीचं सांगत असेन तर दोष शिकवणाऱ्याचा.

भांडणं व्हायचीच. निजामपुऱ्याच्या टीममधली पोरं पॉवरलूमवर शिफ्ट करून आलेली असायची, लूमच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळे त्यांचं साधं बोलणंही भांडणासारखं वाटायचं. पण त्यांचा कॅप्टनच शेवटी म्हणायचा, "सर ने नहीं उठाया तो नहीं है. चलो." आणि विषय संपायचा. मी आमच्या गच्चीवरून हे कितीदा ऐकलं आहे. आमचं घर मैदानाला लागूनच आहे. नवऱ्याचं कौतुक त्याच्या तोंडावर करण्याची आमच्यात पद्धत नाही, पण गच्चीवर कपडे वाळत घालताना मला बरं वाटायचं, हे लपवण्यात काय अर्थ?

गेल्या वर्षी स्पर्धा भरवणाऱ्यांच्या डोक्यात व्हिडिओ शिरला. भरवणारे म्हणजे आमच्या गल्लीतले एक लूममालक. वडिलांची शेती होती, आता लूमच्या दोन शेड आहेत. परदेशातल्या मॅचेसमध्ये चित्र थांबवून रेषा मारतात, ते त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. एक दिवस घरी आले आणि म्हणाले, "वहिनी, तुमची गच्ची पायजे. मोबाइल लावायचाय. आता भांडणच न्हाय राहणार."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "लावू द्या की. चांगलंच आहे." मनापासून म्हणाले. मी सगळ्यांना चहासुद्धा केला.

फायनल निजामपुरा आणि एका गावाच्या टीममध्ये होती. मोबाइल गच्चीच्या कठड्याला बांधला होता. हे मैदानाच्या पलीकडच्या कडेला, झेंडा घेऊन. खेळ संपत आला असताना निजामपुऱ्याचा एक जण आमच्या घराच्या बाजूने सुटला, पास आला आणि गोल झाला. ह्यांचा झेंडा खालीच होता. गावाच्या टीमने मैदान डोक्यावर घेतलं. मग काय, सगळी वरात आमच्या घरात.

मोबाइल आमच्या हॉलमधल्या टीव्हीला जोडला. वीसेक माणसं बुटांसकट आत शिरली. हे मात्र उंबऱ्याबाहेर बूट काढून, नुसत्या मोज्यांवर, झेंडा हातात धरून आपल्याच घरात भिंतीला टेकून उभे राहिले. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

पास निघतानाचं चित्र थांबवलं. आता रेषा कशी मारणार? लूममालकांनी खिशात हात घातला आणि धाग्याची कांडी काढली. ह्या लोकांच्या खिशात रुमाल नसेल, कांडी असते. कापडाची वीण सरळ आली का तिरकी, हे ते धागा ताणूनच बघतात. त्यांनी धाग्याचं एक टोक टीव्हीच्या वर धरायला लावलं, एक खाली, आणि बचाववाल्याच्या पायावरून धागा ताणला. उभा, ताठ. निजामपुऱ्याचा पोरगा धाग्याच्या चांगला पाऊलभर पुढे, गोलच्या बाजूला.

"बघा सर," लूममालक म्हणाले. "धागा कवा खोटं बोलत न्हाय."

हे पुढे झाले, चष्मा वर करून बघितलं, खाली करून बघितलं. निजामपुऱ्याच्या कॅप्टनने सवयीने तोंड उघडलं, "सर ने नहीं उठाया तो..." आणि तिथेच थांबला. तोही दिवसभर धाग्यांतच जगणारा माणूस. "धागा तो सीधा है," तो म्हणाला आणि त्याने मान खाली घातली. गोल रद्द झाला. त्याची टीम हरली.

ह्यांना कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं; मी एकेकाला सरळ केलं असतं. पण जो तो खांद्यावर हात ठेवून "होतं सर, वय झालं" म्हणून गेला. शिव्या परवडल्या असत्या, ती दया नको होती.

दुसऱ्या दिवशी हे धामणकर नाक्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. मोतीबिंदूची सुरुवात आहे, ह्या वयात असतेच, इतक्यात काही करायला नको, असं डॉक्टर म्हणाले. ह्यांनी त्यातलं मोतीबिंदू तेवढं ऐकलं. स्कूटरची चावी खुंटीला लागली ती लागलीच. रस्ता ओलांडताना माझा दंड धरून विचारायचे, "रिक्षा लांब आहे ना गं?" दूध पातेल्यात ओततानाही मला हाक. मी चिडायचे, आणि चिडल्याचं मलाच वाईट वाटायचं. झेंडा कपाटावर टाकला होता. मी तो पुसून खाली ठेवला की हे परत वर टाकत. मला भीती वाटत होती ती डोळ्यांची नव्हे. हा माणूस हळूहळू स्वतःवरचाच विश्वास गमावून बसणार, ह्याची.

एका सकाळी मी गच्चीवर चादरी वाळत घालत होते. खाली शाळेच्या खेळांसाठी मैदानावर नुकतीच फक्की मारली होती, पांढऱ्या रेषा लख्ख दिसत होत्या. मोबाइल बांधला होता त्याच कठड्याशी मी उभी होते. उजव्या हाताला, जिथे तो गोल झाला होता, तिथल्या गोलसमोरच्या मोठ्या चौकटीची पुढची रेघ मला तिरकी दिसली. जवळचं टोक उजवीकडे, लांबचं टोक डावीकडे. वाटलं, फक्कीवाल्याने वाकडी मारली. खाली जाऊन बघितलं तर रेघ सरळच होती, गोलच्या रेषेला अगदी समांतर. मग डोक्यात प्रकाश पडला. आमचं घर गोलसमोर नाही, मैदानाच्या मध्यासमोर आहे. आमच्या गच्चीवरून गोलकडे तिरकंच बघावं लागतं. तिथून जमिनीवरची सरळ रेघ तिरकी दिसते, तर टीव्हीवरचा धागाही तिरकाच धरायला हवा होता. आणि वीस माणसांनी तो ताठ उभा धरला.

मी धावतच घरात आले. तो व्हिडिओ तर गावभर फिरला होता, माझ्याही मोबाइलवर होता. टीव्हीला जोडला, तेच चित्र थांबवलं. फायनलच्या दिवशी चौकटीची रेघ तुडवून पुसली होती, पण तिची दोन्ही टोकं दिसत होती. शिवणाच्या डब्यातला दोरा काढला आणि ह्यांना एक टोक धरायला लावून टोकाला टोक जोडलं. बचाववाला नेमका त्या रेघेवर उभा होता. निजामपुऱ्याचा पोरगा तिच्या मागे. पाऊल नव्हे, पण अर्धं पाऊल तरी मागे.

"बघा!" मी ओरडलेच. "तुमचं बरोबर होतं!"

ह्यांनी दोऱ्याचं टोक धरूनच चष्मा वर करून बघितलं, खाली करून बघितलं. मग म्हणाले, "हो. बरोबर दिसतंय."

मी तशीच तरातरा लूममालकांच्या घरी गेले आणि त्यांना ओढून आणलं. दोरा बघून माणूस ओशाळला. "वहिनी, चुकलंच आमचं," म्हणाला, ह्यांच्या पायाला हात लावायला वाकला. यंदा मोबाइल गच्चीवर नको, चौकटीच्या बरोबर समोर बांबूचं मचाण बांधतो, पण झेंडा सरांच्याच हातात पायजे, असं कबूल करून गेला. मला वाटलं, सुटले एकदाची.

ते गेल्यावर हे म्हणाले, "एक सांगू? त्या दिवशी मला लाइनवरून काय दिसलं होतं, ते आता आठवतच नाही. डोळे मिटले की टीव्हीवरचंच दिसतं. गच्चीवरून. तो पुढे आहे, असंच दिसतं."

"पण तो पुढे नव्हता!"

"हे तू दाखवलंस. मला नाही दिसलं."

मला इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. राग कुणावर, ते मलाही सांगता आलं नसतं.

यंदाची स्पर्धा आली. हे नाही म्हणत होते, मीच मागे लागून पाठवलं. झेंडा इस्त्री करून दिला. चौकटीसमोर मचाण उभं होतं, त्यावर मोबाइल, सगळं नीट. दुपारी मी गच्चीवर गेले. खेळ सुरू झाला, हे पलीकडच्या कडेने पळत होते, आणि पळणं तसंच होतं, जुनं. माझा जीव जरा भांड्यात पडला.

मग एक लांब पास आला. निजामपुऱ्याचाच एक जण सुटला. सगळं मैदान सवयीने ह्यांच्याकडे वळलं. झेंडा अर्धा वर आला आणि तिथेच थांबला. हे ना त्या पोराकडे बघत होते, ना बचाववाल्याकडे, ना त्या मचाणाकडे. मान वर करून आमच्या गच्चीकडे बघत होते. गच्चीवर वाळत घातलेले कपडे होते आणि मी होते. खाली गोल झाला, आणि मैदानाच्या पलीकडून माझा नवरा मला विचारत होता, तुला काय दिसलं.