सडके सर आणि झोपलेला कांदा

वरोऱ्याच्या बाजारात कांदा उलटा करून बुडखा पाहणारं गिऱ्हाईक मी कित्येक वर्षं एकच पाहिलं. ते कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. आम्ही कांदे विकणाऱ्या बाया त्यांना ‘सडके सर’ म्हणायचो, कारण मी फेकायला काढलेल्या पाटीतलेच जुने, कोंब फुटलेले कांदे ते निवडायचे.

“ढोरायले घालता का, सर?” मी विचारलं.

“पोरायले दाखवतो. मले चांगला नोको, मावशी, जिवंत पायजे.”

माणसाचं डोकं फिरलंय, असं मी समजले.

एकदा परीक्षेला चार दिवस असताना ते धावतच आले. पहिल्या वर्षाच्या पोरांना प्रयोगात कांद्याची मुळं लागणार होती. मी आजारी होते, म्हणून सरांनी दुसरीकडून नवे, टणक कांदे नेऊन पाण्याच्या ग्लासांवर बसवले होते. आठवडा झाला, एकालाही मूळ नाही. परीक्षा घ्यायला बाहेरचे सर येणार. मुळं नसली तर सगळी पोरं नापास.

“नवा कांदा झोपून असते, सर. एवढी पुस्तकं वाचली, अन् हे नाई समजलं? जुना न्या.”

 सर भर बाजारात ओरडले, “अरे, झोपून असते!” घरचे जुने कांदे मीच पोचवले.

तिसऱ्या दिवशी कांद्यांना पांढऱ्या दाढ्या फुटल्या. सरांनी मला कॉलेजात बोलावलं. मुळाचं टोक कापून लाल रंगात घातलं, दिव्यावर शेकलं, काचेखाली अंगठ्यानं दाबलं. मी चौथी शिकलेली. नळीला डोळा लावला, तर विटांसारखी घरंच घरं! एका घरात लाल दोरे दोन बाजूंना ओढलेले.

“एका पेशीच्या दोन होऊन राह्यल्या होत्या मावशी, तेवढ्यात पकडली!” सर नाचायचेच बाकी होते.

मागं पोरी खोळंबल्या. “थांबा वं, मले पाहू द्या,” मी दटावलं. जन्मभर कांदे विकले, पण आत एवढी धांदल असते हे ठाऊक नव्हतं.

“आता तुम्हीच सांगा यायले, नवा कांदा काऊन फुटत नाई ते.”

मी सांगितलं. पहिल्या बाकावरच्या चष्मेवाल्या पोरीनं वहीत लिहून घेतलं. पोरं पास झाली.

पुढं सर निवृत्त झाले, दोन वर्षांत वारलेही. मी रडले नाही. फेकायची पाटी मात्र अजून बाजार उठेपर्यंत फेकत नाही.

यंदा कॉलेजच्या नव्या मॅडम आल्या. मी चांगला ढीग पुढं केला. त्यांनी चष्मा सावरला, पाटीतला एक कांदा उचलला आणि आधी उलटा केला.