वरच्या गावची बोली

सिंगापुरात जपान्यांच्या हाती सापडलो, तेव्हा अण्णा आणि मी एकाच पलटणीत होतो. अण्णा माझा थोरला भाऊ. तिथनं आम्हाला जहाजात कोंबून पापुआच्या जंगलात नेलं, ओझी वाहायला. माणसं किड्यामुंग्यांगत मरत होती. एका दुपारी बाँब पडायला लागले, तसे आम्ही दोघं पळालो ते एका ओढ्याकाठच्या गावात जाऊन पडलो. त्या गावानं लपवलं, पोटाला घातलं.

अण्णाला त्यांची बोली चटकन यायला लागली. आम्ही खानापुराकडची माणसं. घरात मराठी, बाजारात कन्नड, लोंढ्याकडं गेलं की कोकणी. "बोलायला काय जातंय रं?" म्हणायचा. ती बोली त्या एका गावापुरतीच. डोंगर चढला की दुसरी, तिची सख्खी बहीणच म्हणा, पण दुसरी. बोलणारी सगळी मिळून आमच्या आळीत मावली असती.

पुढं जपानी माग काढत आले. मी तापानं फणफणलेला. अण्णानं मला पाठीवर घेतलं आणि डोंगर चढायला लागला. वरच्या गावानं आत घेतलं तर मी जगणार, न्हायतर वाटंतच संपणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

गाव दिसल्यावर त्यानं मला झाडाखाली टेकवलं. "गप पडून ऱ्हा. आधी कुठनं आलोय ते सांगतो." आमच्याकडची रीतच तशी. परक्या दारात गेलं की पहिलं आपलं गाव सांगायचं, मग गूळ-पाणी येतं, मग बाकीच्या गोष्टी. त्यानं दोन्ही हात वर केले आणि ओढ्याकाठच्या बोलीत हाक दिली, "मी खालच्या गावचा! तुमचाच!"

अरे देवा! खालच्या गावाशी त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर, हे आम्हाला कुणी बोललं नव्हतं. खालच्यांनी आसरा दिला तो खालचाच, असा त्यांचा हिशेब. बाण गळ्यात बसला.

मला मात्र त्यांनी उचलून नेलं. मी तोंड उघडलं नव्हतं, म्हणून मी कुणाचाच नव्हतो. एका म्हातारीनं रताळी कुस्करून भरवली. हळूहळू तिची बोली मला उमगत गेली आणि माझ्या जिवाची लाहीलाही झाली. पाणी, भूक, आई, दोन्ही गावांत जवळजवळ एकच शब्द. अण्णा काय ओरडला ते तिथल्या पोराटोरांनाही कळलं होतं. कळलं म्हणूनच मारला.

लढाई संपल्यावर घरी आलो. वैनी दाराआड उभी होती. आईनं विचारलं, "शेवटाला काय बोलला रं माझा ल्योक?"

"तुमचाच हाय, म्हणाला. त्येंच्या बोलीत."

"मग कळलं न्हाय व्हय त्येंना?"

मी वैनीकडं बघितलं. "न्हाय आये. कळलं न्हाय."

"तरीच," आई म्हणाली. "कळलं असतं तर घरात घेतलं असतं."