पत्रिकेतली मोकळी जागा

पुण्याच्या बसमध्ये माझी बॅग चढवून पप्पा खाली उतरले आणि खिडकीशी येऊन उभे राहिले. बाकीच्या मुलींचे वडील जेवणाचं, फोनचं सांगत होते. आमच्या पप्पांनी समोरच्या दुकानाची पाटी दाखवली. "बघ, पिवळ्यावर पांढरं लिव्हलंय. लांबून कोण वाचील?" मी डिझाइन शिकायला घर सोडत होते आणि तो माझा पहिला तास होता, हे कळायला बरीच वर्षं गेली.

पप्पा पाट्या रंगवायचे. आम्ही पडेगावात राहायचो, पण शहरात, औरंगपुऱ्याच्या बाजारातल्या कितीतरी दुकानांवर त्यांचं अक्षर होतं. त्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, दौलताबादला शेती करायचे. उंचावरची पाटी असली की शिडी धरायला ते सायकलवर हजर. पाटी झाली की दोघं रस्ता ओलांडून पलीकडून ती वाचायचे. नीट वाचता नाही आली की पप्पा परत शिडीवर.

पुण्यात यालाच कॉन्ट्रास्ट, हायरार्की, अलाइनमेंट अशी नावं होती. मला मात्र भुरळ घातली ती व्हाइट स्पेसनं. मोकळी जागा सोडा, डोळ्यांना श्वास घेऊ द्या. दुसऱ्या वर्षापर्यंत मी इतकी शहाणी झाले, की घरच्या शोकेसमधली खेळणीसुद्धा डोळ्यांत खुपायची. हसू नका. माझ्यासारखे जे बाहेर पडलेत, त्यांनीही सुट्टीत घरी येऊन असलंच काहीतरी केलं असेल.

मग दादाचं लग्न ठरलं आणि पत्रिका मी केली. वर तथागतांची प्रतिमा, मधे वधूवरांची नावं, तारीख, ठिकाण. संपलं. खालची निमंत्रकांची लांबलचक यादी, सगळे काका, आत्या, मामा आणि चिल्लीपिल्ली, मी सरळ काढून टाकली. कुणाला न दाखवता पुण्यातूनच छापून आणली.

पप्पांनी हात लांब करून पत्रिका वाचली. "लई साफ हाय," म्हणाले आणि खाली ठेवली.

"आन् नावं?" आईनं विचारलं. मी तिला व्हाइट स्पेस समजावून सांगितली. आज आठवलं तरी कान गरम होतात.

पहिली पत्रिका मोठेबाबांची. ती द्यायला पप्पांबरोबर मीही दौलताबादला गेले. त्यांनी ती वाचली, उलटून मागची बाजूही पाहिली. मग मला विचारलं, "मी आता पाव्हणा हाय का गं?"

आमच्याकडे यादीत ज्याचं नाव तो निमंत्रण देणारा, बाकीचे पाहुणे. इतकी साधी गोष्ट. ज्यानं जन्मभर शिडी धरली, त्याला मी पाहुण्यांत नेऊन बसवलं होतं. मला रडूच आलं. त्यांनी चहा पाजला, पण लग्नाविषयी चकार शब्द काढला नाही.

घरी येऊन पप्पांनी सगळ्यात बारीक ब्रश काढला. मी पेन्सिलीनं रेघा आखायच्या, त्यांनी नावं लिहायची. तीन दिवस, एकेका पत्रिकेवर, मोठेबाबा सगळ्यांच्या वर. माझी लाडकी जागा भरत गेली आणि खरं सांगते, पत्रिका आधीपेक्षा देखणी झाली. शेवटी पप्पा म्हणाले, "जागा सोडली ते बरं केलं. नायतर लिव्हलं कुठं असतं?"

लग्नाच्या आदल्या सकाळी मोठेबाबा आले ते पप्पांनी नेऊन दिलेली नवी पत्रिका खिशात घालूनच, आणि आल्याआल्या मांडववाल्यावर खेकसले. कुणाचं खेकसणं मला इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे मोठेबाबांच्या नातीच्या लग्नाची पत्रिका फोनवर आली. पुण्यात मी रोज क्लायंटला सांगते, कमी करा, अजून कमी करा. या पत्रिकेत पाच फॉन्ट, सोनेरीवर पिवळी अक्षरं आणि मुंगी शिरणार नाही इतकी दाट यादी. मी बोटांनी ती मोठी करत खालीखाली जात राहिले. इतकी वर्षं बाहेर राहिल्यावर आपण कोणत्या बाजूला धरले जातो, कुणास ठाऊक. शेवटच्या ओळीत, दोन आतेभावांच्या मधे चेंगरलेलं, माझं नाव सापडलं.

तेवढ्यात पप्पांचा फोन. "नाव दिसलं का? लई बारीक हाय."

"दिसलं," म्हटलं. मग रजेचा अर्ज टाकला आणि ऑफिसातल्या सगळ्यांना ती पत्रिका पाठवली. खाली लिहिलं, आमच्या घरचं लग्न आहे, यायचं हं.